स्काउट रायफल प्रकल्प: नोंदी, ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५

१७ ऑगस्ट २०२४

रायफल आली एकदाची. रुगर गनसाइट स्काउट, .३०८ विंचेस्टर काडतुसाची, साडेसोळा इंची बॅरल, लॅमिनेटचा दस्ता, उजव्या हाताची. दुकानात ४४७३ फॉर्म (बंदूक घेताना भरायचा फेडरल फॉर्म) भरला, बॅकग्राऊंड चेक झाला, पैसे दिले, घेऊन आलो. इथे अमेरिकेत व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांसाठी एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात: एच-वन-बी सारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला सरसकट बंदी आहे, त्यात थोडे अपवाद आहेत आणि चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आधी कायदा नीट वाचा मग दुकानात जा.

प्रकल्प काय तर ह्या हिवाळ्यात ही एकच रायफल घेऊन टेक्सासच्या हिल कंट्रीत, ल्यानोच्या बाजूला मित्राच्या रँचवर पायी फिरून शिकार करायची. रानडुक्कर, व्हाइटटेल (इथलं मूळचं हरीण) आणि चितळ. हो, आपलं चितळ. १९३२ च्या सुमारास ते टेक्सासमध्ये आणून सोडलं, इथे त्याला ॲक्सिस म्हणतात आणि आता मोकाट कळप फिरतात, एक्झॉटिक म्हणजे बाहेरून आणलेलं असल्यामुळे त्याला क्लोज सीझन (शिकार बंद असायचा काळ) नाही, बॅग लिमिट (किती मारायचे त्याची मर्यादा) नाही, फक्त हंटिंग लायसन्स लागतं. मी चंद्रपूरचा, ताडोबात चितळ बघतच मोठा झालो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे, तिथे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्रे आहेत, चितळांची संख्या ते सांभाळतात. इथे तसं त्याच्या मागे लागणारं फारसं कोणी नाही आणि इथल्या मूळच्या हरणाच्या तोंडचा चारा ते खातं.

दुसरा भाग संरक्षणाचा. रँचवरच्या केबिनमध्ये रात्री मुक्काम असतो, शेजारी कोणी नाही, फोन केला तरी मदत यायला वेळ लागणार. हीच रायफल तिथे किती कामाची आहे हे पण बघायचंय.

१८ ऑगस्ट

आज वजन केलं. भारतात जाताना बॅगा तोलायचा जो लटकता काटा असतो ना, त्यालाच अडकवली. रिकामी, स्कोप (दुर्बीण) नाही, स्लिंग (पट्टा) नाही: ३.२ किलोच्या आसपास, म्हणजे कंपनी सांगते तेच सात पौंड. लांबी दस्त्यात किती स्पेसर (लांबी वाढवायच्या पट्ट्या) घालाल त्यावर ३८ ते साडेएकोणचाळीस इंच. मी एकच स्पेसर ठेवला, बाकीचे काढले. थंडीत जाड जॅकेट घातलं की दस्ता आखूडच हवा, नाहीतर खांद्यावर घेताना काखेत अडकतो.

आता ही स्काउट भानगड काय आहे ते थोडं, कारण त्याशिवाय पुढच्या नोंदींचा अर्थ लागणार नाही. जेफ कूपर म्हणून मरीन कोअरचे लेफ्टनंट कर्नल होते, २००६ ला गेले, त्यांनी १९७६ साली ॲरिझोनात पॉलडनला शूटिंग शिकवायची शाळा काढली, तीच आताची गनसाइट. १९८० च्या दशकात त्यांनी तिथे माणसं जमवून हा विचार केला की एकट्या माणसाने रानात फिरायचं असेल तर त्याच्याकडे एकच रायफल कशी असावी. त्यातून आकडे निघाले: लांबी एक मीटरच्या आत, वजन स्कोप आणि स्लिंग धरून तीन किलो, फार तर साडेतीन, काडतूस .३०८ कारण ते जगात कुठेही मिळतं, बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा), दोन-तीन पटीचा स्कोप तोही रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात चालतो त्या भागाच्या) पुढे बॅरलवर बसवलेला, आणि स्कोप फुटला तर खाली लोखंडी साइट्स (नेम धरायच्या खुणा). ह्या विचाराची पहिली फॅक्टरी रायफल म्हणून लोक ज्याचं नाव घेतात ती स्टायर स्काउट, १९९० च्या दशकाच्या शेवटी आली, स्वतः कूपर त्यात होते, दस्त्यातच बायपॉड, दस्त्यातच जादा मॅगझीन. सुंदर वस्तू आहे पण किंमत रुगरपेक्षा बरीच जास्त. रुगरची ही २०११ ला आली, गनसाइटच्या लोकांबरोबर बसून केलेली.

म्हणजे कूपरच्या काट्यावर रुगर सुरुवातीलाच जड भरते. रिकामीच ३.२, त्यावर स्कोप, रिंगा, स्लिंग, काडतुसं घातली की चार किलोच्या जवळ जाणार. हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं करायचंय, एकेक वस्तू लावताना तिचं वजन विचारायचं.

३१ ऑगस्ट

रेंज. पुढच्या रेलवर लूपोल्डचा १.५-४x२८ स्काउट स्कोप बसवला. हा नेहमीच्या स्कोपसारखा डोळ्याजवळ नसतो, हातभर लांब असतो, त्यामुळे पहिल्यांदा वापरणाऱ्याला विचित्र वाटतं, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून रायफल वर घेतली की सगळं रान दिसत राहतं आणि मध्येच क्रॉसहेअर येऊन बसतो, हा अनुभव खरंच छान आहे आणि जे लोक न वापरताच ह्याला नावं ठेवतात त्यांनी एकदा तरी वापरून बघावा. अजून एक फायदा, रिसीव्हर वरून पूर्ण मोकळा राहतो, काडतूस अडकलं तर बोटं घालायला जागा, आणि रायफल तोलाच्या जागी मुठीत धरून चालता येतं.

झिरो, म्हणजे ज्या अंतराला गोळी नेमक्या निशाणावर लागते ते, २०० यार्डांना ठेवायचं ठरवलं. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, म्हणजे १०० ला साधारण दोन इंच वर लागते आणि ३०० ला नऊ-दहा इंच खाली. हरणाचं छाताड धरलं तर २०० पर्यंत डोकं न चालवता मधोमध धरायचं. आखूड बॅरलबद्दल लोक फार चर्चा करतात. कारखाने २४ इंची नळीवर १५० ग्रेनला सेकंदाला २८२० फूट वेग सांगतात, दर इंचाला वीस-पंचवीस फूट कमी धरला तर माझ्याकडे २६०० च्या वर राहतो. म्हणजे नळीच्या तोंडाशी सव्वादोन हजार फूट-पौंडाच्या वर ऊर्जा. २०० यार्डांच्या आतल्या चितळासाठी हे पुरून उरतं. आवाज मात्र भयंकर, कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही.

ग्रुप (निशाणावरच्या भोकांमधलं अंतर): तीन गोळ्यांचा, १०० यार्डांना दीड इंचाच्या आसपास. कूपरने २०० ला चार इंच मागितले होते, त्यात बसते. ह्याहून बारीक ग्रुपच्या मागे मी लागणार नाही, रानात बेंच नसतो.

७ सप्टेंबर

गणपती बसले. दर्शनाला लोक येणार, पोरं अख्ख्या घरात पळणार, म्हणून रायफल बोल्ट काढून तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात. हे सणापुरतं नाही, रोजचंच आहे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. ज्याच्या घरात तिजोरी नाही त्याने आधी तिजोरी घ्यावी, रायफल नंतर.

२१ सप्टेंबर

आज रेंजवर शेजारच्या बेंचला एक आजोबा होते, त्यांच्या हातातली रायफल बघून मी माझं काम सोडून तिकडेच गेलो. ईशापूर २ए१! आपली, कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीची. दिसायला जुनी ब्रिटिश लष्कराची ली-एनफिल्ड, पण .३०३ नाही, ७.६२ नेटो काडतुसासाठी बनवलेली. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याला नवीन रायफली पाहिजे होत्या तेव्हा ह्या बनायला लागल्या, पुढे आपल्या लष्करातून निघाल्या आणि सरप्लस म्हणून जहाजं भरून इकडे अमेरिकेत आल्या, खूप स्वस्तात विकल्या गेल्या. आणि इथल्या हौशी लोकांच्या लक्षात आलं की अरे, बोल्ट ॲक्शन आहे, तीस कॅलिबर आहे, डिटॅचेबल मॅगझीन आहे, बॅरल कापून मागच्या साइटच्या जागी पुढचा स्कोप बसवला की गरिबाची स्काउट तयार. आजोबांनी तेच केलं होतं, गनस्मिथकडून, नळी १८ इंचाच्या वर ठेवून (इथे रायफलची नळी १६ इंचाखाली गेली तर वेगळाच फेडरल कायदा लागतो).

बोल्टच्या मागे आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी, ईशापूर) चा ठसा आणि साल. मी मारून बघितली. ली-एनफिल्डचा बोल्ट इतका छोटा आणि चपळ चालतो की माझी रुगर त्यापुढे सावकाश वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या ॲक्शनला बोल्ट जागी धरणारं लॉकिंग मागच्या बाजूला आहे, रायफलीही पन्नासेक वर्षं जुन्या, त्यामुळे कोणी घेणार असेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस ह्यांच्यातली जागा) तपासल्याशिवाय एक गोळीसुद्धा मारू नये. आजोबांना मी सांगितलं की ही माझ्या देशात बनलीय, तर त्यांनी फॅक्टरीबद्दल इतके प्रश्न विचारले की अर्धा तास तिथेच गेला.

१२ ऑक्टोबर

दसरा. पाटावर रिकामी रायफल, शेजारी कोयता, स्पॅनर, ड्रिल मशीन, लॅपटॉप पण. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आपट्याची पानं इथे कुठली, अंगणातल्या रेडबडची घेतली, तेही आपट्याच्याच जवळचं झाड आहे.

दुपारी संरक्षणाच्या भागावर बसून लिहिलं. माझं मत असं झालंय की शहरातल्या घरात, जिथे भिंती म्हणजे प्लास्टरबोर्ड आणि पलीकडच्या खोलीत मुलं, तिथे .३०८ ही चुकीची वस्तू आहे. ती गोळी अशा भिंतींमागून भिंती पार करून शेजाऱ्याकडे जाईल, आणि बंद खोलीत तो आवाज झाला तर तुम्हालाच काही ऐकू येणार नाही. बोल्ट ॲक्शन असल्यामुळे दुसरी गोळी पण हाताने चढवायची. पुस्तकात, व्हिडिओत "हंटिंग आणि डिफेन्स दोन्हीसाठी एकच" असं सांगतात त्यातलं डिफेन्स हे उघड्या रानातलं आहे, घरातलं नाही, हे स्पष्ट सांगायला पाहिजे. रँचवर गोष्ट वेगळी, तिथे अंतरं मोठी आहेत, समोर बहुतेक वेळा जनावर असणार, आणि जी वस्तू दिवसभर हातात वागवलीय तीच रात्री हाताशी असणं ह्याला अर्थ आहे.

आणि हे लिहिताना कूपरचे चार नियम पुन्हा लिहितो, दर वर्षी लिहितो. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी फिरवायची नाही. साइट्स निशाणावर आल्याशिवाय बोट चापावर नाही. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय गोळी नाही.

२ नोव्हेंबर

व्हाइटटेलचा सीझन आज उघडला पण पाडवा आहे, घरीच. उद्या भाऊबीज. पुढच्या शनिवारी.

९ नोव्हेंबर, रँच

पहाटे चालत. गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, लाइव्ह ओक, मेस्कीट, खाली निवडुंग, आणि सीडरच्या झाडीत इतकी दाटी की लांब रायफल असती तर नळी सारखी फांद्यांत गेली असती. इथे ही छोटी लांबी किती कामाची आहे ते कळतं. माझी जुनी रायफल २४ इंची बॅरलची, ती घेऊन मी ह्याच झाडीतून वाकून-वाकून जायचो, ही छातीशी धरून सरळ चालत गेलो. स्लिंग ऱ्होडेशियन पद्धतीची लावलीय, दोनच पॉइंटवर (रायफलवरच्या पट्टा अडकवायच्या जागा) चालते आणि दंडाला वेढा घेऊन पटकन टेकू मिळतो, दुसऱ्या पद्धतीच्या, चिंग स्लिंगसाठी तिसरा पॉइंट लागतो, तो मला भोक पाडून बसवायचा नव्हता.

मॅगझीनबद्दल. दहा काडतुसांचं लोखंडी मॅगझीन खाली इतकं लोंबतं की नेमकं जिथे हात धरायचा तिथेच येतं. केबिनमध्ये ठेवायला ठीक. चालायला पाचचं, आणि बरेचदा तीनचं, ते जवळपास सपाट बसतं.

ओढ्याच्या कडेला डुकरांचा कळप सापडला, जमीन नांगरल्यासारखी केली होती. साठेक यार्ड. मोठी मादी निवडली, रायफल वर आली तीच निशाणावर, एका गोळीत काम झालं. बोल्ट खांद्यावरूनच मारला, डोळा स्कोपमधून निघाला नाही. रुगरच्या एम७७ ॲक्शनचा मोठा पंजा काडतुसाला मॅगझीनमधून निघताक्षणी धरतो, त्यामुळे घाईत, वाकड्या हाताने बोल्ट अर्धवट मारला तरी काडतूस सांडत नाही की दुहेरी चढत नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी हिला बाकी बऱ्याच स्वस्त रायफलींच्या वर ठेवीन. सेफ्टी पण तीन टप्प्यांची आहे, मधल्या टप्प्यात चाप बंद राहतो पण बोल्ट उघडतो, म्हणजे काडतुसं काढताना रायफल सेफ असते.

संध्याकाळी मात्र वेगळी गोष्ट झाली. सूर्य पाठीमागे खाली आलेला, मी पूर्वेकडे तोंड करून, समोर चितळाचा नर, फांद्यांची मोठी शिंगं, शंभर यार्डाच्या थोडं पुढे. स्कोपमध्ये बघतो तर नुसता पांढरा उजेड. डोळा आणि स्कोप ह्यांच्यात जी हातभर मोकळी जागा आहे त्यातून मागचा उजेड मागच्या काचेवर पडतो आणि चित्र धुतलं जातं. डोकं पुढे-मागे केलं, टोपीचा काठ आडवा केला, नाही. नर चालत झाडीत गेला. नीट दिसत नाही तर गोळी नाही, प्रश्नच नाही.

पुढे बसवलेला स्कोप मागून उजेड आला की फसतो असं सगळे बोलतात ते खरं आहे म्हणजे. गंमत अशी की उजेड कमी मिळतो म्हणून हे होत नाही, २८ मिलिमीटरची काच, चार पट केलं तरी डोळ्यात सात मिलिमीटरचा उजेडाचा खांब येतो, तो पुरेसा आहे. मार खातो तो कॉन्ट्रास्ट. आणि हरणाची शिकार म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा, टेक्सासमध्ये सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास कायद्याने चालतं. त्याच वेळेला जो स्कोप फसतो तो हरणासाठी कसा चालेल.

२३ नोव्हेंबर

मग आता काय. रिसीव्हरवर नेहमीसारखा स्कोप बसवायची सोय रुगरने दिलीय, रिंगा पण डब्यात येतात, पण मग मागची घोस्ट रिंग साइट (लोखंडी साइटचं मागचं गोल कडं) काढावी लागते. म्हणजे स्कोप पडला-फुटला की रानात नुसती काठी हातात. हे मला नको होतं.

उपाय फोर्ट वर्थच्या एक्सएस साइट्सकडे मिळाला, ते ह्याच रायफलसाठी लांब रेल बनवतात, पुढपासून मागपर्यंत, आणि रेलच्या मागच्या टोकालाच घोस्ट रिंग. त्यावर लूपोल्डचा छोटा १.५-५x२० नेहमीच्या जागी, हाताने उघडणाऱ्या क्विक डिटॅच रिंगांत. स्कोप उतरवला की खाली साइट्स तयार. दोन्ही स्कोपचं वजन जवळपास सारखंच, पाव किलोच्या आगेमागे, रेलमुळे थोडं वाढलं आणि स्कोप किंचित उंच गेला, गाल दस्त्यावर पूर्वीइतका घट्ट बसत नाही. ही किंमत मला मान्य आहे. काट्यावर आता भरलेल्या पाचच्या मॅगझीनसकट चार किलोला जरा कमी. कूपरला पसंत पडलं नसतं.

१४ डिसेंबर

रेंज. झिरो परत २००. रिंगा काढून-लावून बघितलं, गोळी जागच्या जागी येते, इंचभर इकडे-तिकडे. घोस्ट रिंगने ५० यार्डांना उभ्याने. मग बराच वेळ फक्त एकच सराव: रायफल पोटाशी, शिट्टी वाजली की वर, एक गोळी, बोल्ट, परत खाली. दीड पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवले तर वेग पुढच्या स्कोपइतकाच वाटतो मला. १९८० च्या दशकात असे कमी पटीचे, चांगल्या काचेचे, हलके स्कोप सहज मिळत असते तर पुढे बसवायचा एवढा आग्रह कदाचित धरला नसता असं मला वाटतं.

११ जानेवारी २०२५, रँच

संध्याकाळ, तीच पूर्वेकडे तोंड असलेली जागा मुद्दाम निवडली. चितळाची मादी, कळपाच्या कडेला, १२० यार्ड. स्कोपमध्ये अंगावरचा एकेक ठिपका स्वच्छ. खडकावर डावा हात, स्लिंगचा ताण, गोळी खांद्यामागे. वीस-पंचवीस यार्ड पळाली आणि पडली. तांब्याची गोळी वापरली होती, मटणात शिशाचे कण राहत नाहीत, घरी मुलं खातात म्हणून मी दुसरी वापरत नाही.

बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, "अरे हे तर आपलंच चितळ." मग विचारलं, शिंगं नाहीत म्हणजे मादी ना, पोटात पिल्लू नव्हतं ना. नव्हतं. ह्यांची वीण वर्षभर चालते म्हणून मी पण आधी तेच बघितलं होतं, कळपात तिच्यामागे पाडस नाही ह्याची खात्री करूनच धरली. मटण अगदी बिनचरबीचं, सावजी मसाल्यात घातलं, कुकरला मात्र बोकडापेक्षा कमी शिट्ट्या.

१८ जानेवारी

आतापर्यंतचं मत, कारण घेऊ का म्हणून विचारणारे बरेच आहेत. स्काउट म्हणजे पुढे बसवलेला स्कोप असं लोक धरून बसतात, त्यावरून भांडतात, आणि खरी गोष्ट सुटते. मी स्कोप मागे आणला तरी ही रायफल मला पहिल्या दिवशी जेवढी आवडली तेवढीच आवडते, कारण तिचा जीव लांबीत आहे, स्लिंगमध्ये आहे, स्कोपखालच्या लोखंडी साइट्समध्ये आहे, घाईत न अडखळणाऱ्या बोल्टमध्ये आहे. दिवसभर हातात राहते म्हणून वेळेला हातात असते. ब्लाइंडमध्ये (आडोशाच्या खोपट्यात) बसून फीडरवर (जनावरांना खाणं टाकणाऱ्या यंत्रावर) येणारं हरीण मारायचं असेल तर हिची काहीच गरज नाही, कुठलीही साधी रायफल घ्या, पैसे वाचतील आणि लांबवर जास्त बारीक ग्रुप देईल. चालणाऱ्याने घ्यावी. घराच्या रक्षणासाठी म्हणून कोणी घेऊ नये.

राहिलेली कामं: गाल टेकायला दस्त्यावर चामड्याची पट्टी, नळीला ५/८-२४ चे आटे आहेत तर सप्रेसरचा (आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याचा) फॉर्म भरणे, आणि वजन. लॅमिनेट दस्ता काढून सिंथेटिक घातला तर किती उतरतं ते मित्राच्या रायफलवर काट्याने बघणार आहे, शंभर-दीडशे ग्रॅमचा प्रश्न असेल तर राहू दे, त्याहून जास्त असेल तर मार्चमध्ये बदलतो.